सोयाबीनले भाव नाई मॅडम

मागच्या महिन्यात आमच्या केंद्राची (म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या शिक्षकांची) शिक्षण परिषद होती, तिथं जेवणाच्या सुट्टीत एका नवीन लागलेल्या मॅडमनं विचारलं की तुमच्या वर्गात म्हणे गट चालतात, कसे काय चालवता बाप्पा, मी तर पहिलीची पोरं नुसती एका जागी बसवता बसवताच थकून जाते. माझ्या हातात ताट होतं, मागून मसालेभाताची रांग ढकलून राहिली होती, मी आपलं "चालतात हळूहळू" म्हणून मोकळी झाले. पण घरी येताना गाडीवर पूर्ण रस्ताभर तेच डोक्यात. चालतात म्हणजे आत्ता कुठं चालतात, आधीची दोन वर्षं जी फजिती झाली ती त्या बिचारीला कोणी सांगायची? म्हणून इथं लिहून काढते.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, ४४ पोरं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागदावर आम्ही अगदी बरोबर आहोत, फक्त वर्ग चार आणि माणसं दोन. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, माझे २३. त्यात गावातली पोरं आहेत, तांड्यावरची आहेत ज्यांच्या घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, आणि पोडावरची (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) चार कोलाम पोरं आहेत. एका खोलीत, एका फळ्यासमोर, एकाच पुस्तकातून या सगळ्यांना मी कितीतरी वर्षं एकसुरात वाचायला शिकवत होते. मी म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं. खिडकीतून ऐकणाऱ्याला वाटावं काय शाळा आहे, काय आवाज आहे!

त्या आवाजात एक पोरगा होता, बारक्या म्हणू त्याला. पहिलीत होता तेव्हा मला वाटायचं याचं वाचन ठीक आहे. तोंड हलायचं, बोट ओळीवरून फिरायचं, आवाज पण यायचा. एक दिवस पाऊस लय होता, नाल्याला पूर होता, तांडा-पोड पूर्ण तिकडंच अडकला आणि वर्गात पाचच पोरं. पाचांच्या आवाजात मला पहिल्यांदा ऐकू आलं की बारक्या बाकीच्यांच्या मागं अर्धा शब्द चालून राहिला आहे. तो शब्दाचं फक्त शेपूट पकडत होता. सगळे म्हणायचे "पाखरू उडाले", याचं नुसतं "...रू ...ले". इतके महिने त्या पोरानं शेपटांवर काढले होते. हुशारच म्हणायचा, एवढ्या पटकन शेपूट पकडणं काही सोपं नाही, पण त्याला "क" येत नव्हता. आणि मला कळलं नव्हतं, कारण मी कधी त्याच्याजवळ बसून ऐकलंच नव्हतं.

तर तिथून सुरू झालं. पुढच्या वर्षी शाळा उघडली (आपल्याकडे विदर्भात जूनच्या शेवटी उघडते, उन्हामुळे, बाकी महाराष्ट्राची पंधरा जूनलाच सुरू होते) आणि मी पहिले चार दिवस एकेका पोराला बाहेर कडुलिंबाखाली बोलावून ऐकलं. असर नावाच्या शिक्षण सर्वेक्षणवाले २००५ पासून गावोगाव घरी जाऊन ज्या पानावर वाचायला लावतात तसंच पान घेतलं: आधी परिच्छेद दाखवायचा, आला तर गोष्ट, नाही आला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. परिच्छेद पहिलीच्या पातळीचा असतो आणि गोष्ट दुसरीच्या. माझ्या २३ पैकी सहा जणांना अक्षरच ओळखू येत नव्हतं, आठ अक्षरावर, पाच शब्दावर, तीन परिच्छेदावर, आणि एक पोरगी धडाधडा गोष्ट वाचत होती. ती पोरगी पहिलीतली. घरी मोठी बहीण शाळा-शाळा खेळते म्हणे आणि ही एकटीच विद्यार्थिनी. आणि त्या सहांमधले दोघं दुसरीतले. म्हणजे पहिलीचा गट, दुसरीचा गट असं करण्यात काही अर्थ नव्हता, वर्ग मोडूनच गट पाडावे लागणार होते.

गट पाडणं सोपं. नावं ठेवणं अवघड. "हुशार", "मध्यम", "अप्रगत" हे शब्द मी तोंडातून काढणार नव्हते, म्हणून विचार केला की पोरांच्या ओळखीची नावं देऊ. पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तूर आणि सोयाबीन. वाचता येणारे पऱ्हाटीत, अक्षरवाले तुरीत, काहीच न येणारे सोयाबीनमध्ये, आणि मला वाटलं कोणाला काय समजणार. दुसऱ्याच दिवशी सोयाबीनमधला एक जण उभा राहिला. म्हणे, "मॅडम मले तुरीत टाका." म्हटलं काऊन रे? तर म्हणे, "सोयाबीनले भाव नाई मॅडम."

सगळा वर्ग हसला आणि मी पण हसले, पण संध्याकाळी एका पोरीचा बाप पानठेल्यावरून हाक मारून विचारतो, "मॅडम, मायी पोट्टी सोयाबीनात काऊन टाकली?" तेव्हा हसू नाही आलं. पोरांना सगळं समजतं. चिमणी-कावळा-मोर ठेवा, लाल-पिवळा-निळा ठेवा, आठ दिवसांत त्यांचा भाव निघतोच.

यावर उपाय मला सुचला नाही, आमच्या खिचडीवाल्या मावशीला सुचला. ती म्हणाली, मॅडम नाव पोराले कायले देता, जागेले द्या ना. एवढं सोपं! आता माझ्या वर्गात खिडकीवाले, दारवाले, कपाटवाले आणि सतरंजीवाले आहेत. रोज जागा फिरते, म्हणून रोज नाव फिरतं. सकाळी जो खिडकीवाला तो दुपारी सतरंजीवाला. माझी यादी माझ्या वहीत असते, ती दर तीन आठवड्यांनी बदलते, आणि कोणी विचारलं की मायी पोट्टी कोणत्या गटात, तर मी म्हणते आत्ता बघा ना, दाराजवळ बसली आहे.

सतरंजी म्हणजे माझी जागा. यूट्यूबवर अमेरिकेतल्या वर्गांचे व्हिडिओ पाहिले होते मी, त्यात मॅडमसाठी एक अर्धगोल टेबल असतं, आतल्या बाजूला मॅडम, बाहेरून पाच-सहा पोरं, प्रत्येकाजवळ सारखं पुस्तक. इकडं टेबल कुठून आणायचं, पण त्यातली गोष्ट टेबलाची नाहीच आहे, प्रत्येक पोरगं हाताच्या अंतरावर असलं पाहिजे ही आहे. सतरंजीवर गोल केला की तेच होतं, उलट गुडघ्याला गुडघा लागतो आणि कोणाचं बोट ओळीवर आहे आणि कोणाचं हवेत ते खाली मान घालून पण दिसतं.

आता खरी फजिती. मी सतरंजीवर पाच जण घेऊन बसले, बाकीच्या अठरांना म्हटलं तुम्ही आपापलं काम करा. आपापलं काम म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवलं होतं? मी. आणि मी तर सात वर्षं हेच शिकवलं होतं की मॅडम सांगेल तेव्हा तोंड उघडायचं. "मॅडम यानं मायी लेखणी घेतली." "मॅडम झालं." "मॅडम सू." "मॅडम थो पाहून रायला." एकदा मी जवळ खडे घेऊन बसले, कोणी आलं की एक खडा बाजूला. वीस मिनिटांत ३१ खडे. पाच पोरांना वीस मिनिटांत मी किती ऐकलं असेल ते तुम्हीच बघा.

मग मी एक काम केलं जे कोणत्याच प्रशिक्षणात मला सांगितलं नव्हतं. गट बंद. पूर्ण जुलै आणि अर्धा ऑगस्ट नुसतं स्वतःहून बसायला शिकवलं. आधी दोन मिनिटं. पुस्तक उचलायचं, जागेवर जायचं, दोन मिनिटं पानं उलटायची, बोलायचं तर हळू, परत ठेवायचं. परत. परत. पुस्तक कसं ठेवायचं याची पण प्रॅक्टिस, चिमट्याला दोरीवर अडकवताना पान फाटतं म्हणून. दोन मिनिटांचे तीन, मग पाच, मग नागपंचमीपर्यंत दहा. सर एकदा दारातून बघून गेले, काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर स्पष्ट होतं की मॅडम शिकवणं सोडून कवायत काय घेऊन राहिल्या. मला पण रोज रात्री तेच वाटायचं. ऑगस्ट आला आणि पुस्तकाचं पान पुढं सरकलं नाही!

आणि टोपी. सरांची एक जुनी गांधी टोपी कपाटात पडून होती. मी सांगितलं की मॅडमच्या डोक्यावर टोपी असली की मॅडम घरी नाही. काही अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, तरी नाही सुटलं तर दुसरं काम घ्यायचं. टोपीवाल्या मॅडमजवळ फक्त तीन गोष्टींसाठी यायचं: रक्त, उलटी, साप. पोरांना हे इतकं आवडलं की ते मलाच टोपीची आठवण करून द्यायचे. एकदा एक जण येऊन सतरंजीच्या कडेला नुसता उभा. मी बघतच नव्हते. शेवटी म्हणे, "मॅडम साप नाई, पण सरडा हाय, चालते का?"

बाकीचे तीन कोपरे काही भारी नाहीत. खिडकीत पुस्तकांची दोरी, तिथं जोडीनं वाचायचं, एक वाचणारा आणि एक न वाचणारा. पुस्तकं आमच्याकडं कमी होती तर स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवरून मराठी गोष्टी डाउनलोड करून शाळेच्या प्रिंटरवर काढल्या, तिथं पातळी एक ते चार असते आणि फुकट छापायची परवानगी असते. रंगीत प्रिंट परवडत नाही म्हणून काळी-पांढरी काढली, तर पोरांनी रंगवून टाकली, आता एका पुस्तकात वाघ हिरवा आहे आणि कोणाला काही वाटत नाही. दाराजवळ लिहायचं, पाटी किंवा वही, आणि ज्यांचा हात अजून वळत नाही त्यांना धूळपाटी, जुन्या ताटात नाल्याची रेती. कपाटाजवळ शब्दांचे खेळ. बस. जास्त सजावट केली की ती सांभाळण्यातच जीव जातो, मी आधी तेही करून पाहिलं आहे, थर्माकोलचं झाड उंदरांनी खाल्लं.

शब्दकार्डं लग्नपत्रिकांची केली आहेत. जाड कागद, मागून कोरा, आणि मे महिन्यानंतर प्रत्येक घरात ढीग पडलेला. यातून एक मजा झाली. अक्षर न येणाऱ्या सहांना मी "अ आ इ ई" पासून नाही सुरू केलं, आधी क, म, र आणि काना एवढंच घेतलं. एवढ्यातच किती शब्द निघतात बघा: काम, काका, मामा, मका, कार, मार. चौथ्या दिवशी पोर वाचतंच, आणि "क ला काना का" असं घोकत न बसता सरळ "का" म्हणतं. तर सतरंजीवर ही सहा जणं कार्डं लावून राहिली होती आणि बारक्यानं एक कार्ड उलटं केलं, पत्रिकेच्या बाजूनं. खाली ते असतंच ना छोट्या अक्षरात, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं". त्यानं बोट फिरवत आणलं आणि मधेच थांबला. "मॅडम, इथं काका हाय." मी टोपी सरळ केली, म्हटलं कुठं? तर खरंच काका. मग पाचही जण आपापली कार्डं उलटी करायला लागले, कोणाला मामा सापडला, एकाला "कार्यक्रम" मधला "का" सापडला तर त्याच्यावर भांडण की हा धरायचा की नाही. त्या दिवशी मी जे ठरवलं होतं त्यातलं काहीच नाही झालं. वीस मिनिटं पूर्ण पत्रिका वाचण्यात गेली, आणि हे शेपूट पकडणं नव्हतं, कारण पुढं म्हणणारं कोणी नव्हतंच.

अजून एक, जे जवळ बसल्याशिवाय मला कधी समजलं नसतं. पहिली वेलांटी. एक पोरगी सारखं "दिवा" लिहिताना आधी "द" काढायची आणि मग वेलांटी त्याच्या उजव्या बाजूला. मी तीनदा पुसून दिली. चौथ्यांदा ती म्हणाली, "मॅडम, बोलतो तं आधी द येते ना, मंग हे आधी काऊन काढाव?" मी काय बोलू. तिचं बरोबर होतं. तोंडातून द आधी निघतो, इ नंतर, आणि कागदावर इ आधी बसते. हजारदा लिहिलेली वेलांटी, मला कधी प्रश्न पडला नाही. आता मी वेलांटी शिकवताना सरळ सांगते की ही पाहुणी आहे, येते मागून पण बसते पुढं. त्या पोरीचा प्रश्न मात्र तसाच्या तसा वहीत लिहून ठेवला आहे.

लिहिण्याचे गट वाचण्याच्या गटांपेक्षा वेगळे ठेवते मी, कारण वाचणारं पोर लिहिणारं असतंच असं नाही. आणि इथंच माझी सगळ्यात मोठी चूक झाली, ती सांगते.

दुसरीतली एक पोरगी, चांगली वाचायची. पोळ्याच्या सुट्टीनंतर मी म्हटलं पोळ्याबद्दल चार ओळी लिहा. तिनं लिहिलं, जसंच्या तसं देते (बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला पोरांना मिळणारे पैसे): "काल तान्हा पोया होता. मी लाकडाचा बैल नेला. मले बोजारा भेटला. आमचा खरा बैल इकला. मायच्या डोयात पानी आलं."

मी लाल पेन घेतला आणि गोल केले. पोया. मले. इकला. डोयात. पानी. पाच ओळीत पाच गोल. बाजूला बरोबर शब्द लिहिले, खाली सही केली, तारीख टाकली. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी फक्त "आई", "बाबा", "घर", "हे घर आहे" एवढंच लिहायला लागली. जे चुकणार नाही तेवढंच. असं दीड महिना. मला वाटलं आळशी झाली. मग एक दिवस वह्यांचा गठ्ठा घरी आणला होता, मागची पानं चाळता चाळता ते पान परत समोर आलं आणि मी पहिल्यांदा ते वाचलं. तपासलं होतं, वाचलं आता. त्या घरचा बैल विकला होता. पोरीनं ते मला सांगितलं होतं, आणि मी तिला सांगितलं की पोया नाही पोळा.

तिची चूक कुठं होती? आपल्याकडं ळ चा य होतोच, शाळा नाही शाया, केळ नाही केय, ण चा न होतो. तिनं जे ऐकलं ते अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं होतं. कान एकदम पक्का. ज्या पोराला "डोया" लिहिता येतं त्याला ध्वनी फोडता येतात, अर्धी लढाई तिथंच संपलेली असते. (आणि बघा ना, मराठीतला आद्य गद्य ग्रंथ आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिला गेला, आणि नाव काय तर लीळाचरित्र! पहिल्याच अक्षराला चिकटून ळ. आणि आमची वऱ्हाडातली पोरं त्याच ळ ला अडकून राहिली आहेत.)

आता लाल पेन बंद आहे. लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचून घेते, त्या गोष्टीवर दोन वाक्यं बोलते, मग फक्त एक शब्द घेते. भिंतीवर एक मोठा कागद आहे, एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द. शाया–शाळा, पोया–पोळा, पानी–पाणी. दोन्ही पोरांचेच, एक बोलायला, एक पेपरात लिहायला. तांड्यावरची पोरं म्हणाली आमचा रकाना कुठं आहे, तर तिसरा रकाना आला, आई–याडी, भाकर–बाटी. कोलामीचा चौथा पण आहे पण त्यातले शब्द मला पोरांनाच विचारून भरावे लागतात, आणि ते मॅडमला शिकवताना जे सरळ बसतात ते बघण्यासारखं असतं.

या कागदाचा पहिला परिणाम असा झाला की पंधरा दिवसांत पूर्ण वर्गानं य दिसला की ळ करायला सुरुवात केली. "माझी गाळ काळी आहे." "माझा पाळ दुखतो." एकानं तर "मी चहा पिळून आलो." मी खूप हसले, सरांना वहीच नेऊन दाखवली. पण हे पण चांगलंच लक्षण आहे, नियम पकडला आहे, फक्त जास्त जोरात पकडला आहे. "गाय" ला घरी काय म्हणतो? गाय. मग ती गायच राहू दे. सुटलं हळूहळू. "चहा पिळून" अजून अधूनमधून येतं.

बैलवाल्या पोरीनं परत लांब लिहायला दिवाळी उजाडली. मी तिला सॉरी म्हटलं तर ती नुसती बघत राहिली, तिला तर ते पान आठवत पण नव्हतं म्हणे. मला काही खरं वाटलं नाही.

आता थोडं मोजमापाबद्दल, कारण शिक्षण परिषदेत सगळे तेच विचारतात. निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेव्हापासून दुसरीच्या पोरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावे आणि तिसरीच्यानं किमान ६०, असं उद्दिष्ट आहे. मला उद्दिष्टाचं वाकडं नाही, अडखळत वाचणाऱ्या पोराला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, त्यामुळे वेग पाहिजेच. पण मोबाइलचं स्टॉपवॉच दिसलं की आमची पोरं विनाथांबा एसटीसारखी निघतात. पूर्णविराम काय, प्रश्नचिन्ह काय, कुठंच थांबा नाही. एकानं ५८ शब्द वाचले, मी विचारलं कोण हरवलं होतं गोष्टीत? म्हणे, "मीच हरवलो मॅडम." म्हणून मोजायचं ते महिन्यातून एकदा मोजते, फोन सतरंजीखाली ठेवून.

आणि हे सगळं जे लिहिलं ते जूनपासून दसऱ्यापर्यंतचं वेळापत्रक आहे. एकदा वावरात सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली की गटबिट सगळं संपलं. कापूस फुटला की मायबाप पहाटे वावरात, मोठी पोरं वेचायला, आणि पहिली-दुसरीची पोरं धुऱ्यावर लहान भावाला धरून. २३ चे कधी १४ येतात, कधी ९. पहिल्या वर्षी मी चिडायची, हजेरी घेताना आवाज चढायचा, जशी काही आलेल्या नऊ जणांचीच चूक. आता दोन गोष्टी करते. जे नऊ येतात त्यांना रोज सतरंजी, आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी रोज वीस मिनिटं, आणि खरं सांगायचं तर माझ्या वर्गातली अर्धी पोरं नोव्हेंबरातच वाचायला लागतात. बाकीच्यांसाठी युरियाच्या धुतलेल्या पोत्याची पिशवी शिवली आहे, त्यात एक पुस्तक, एक पाटी, पाच कार्डं, ती शेजारच्या पोरासोबत जाते आणि सोमवारी परत येते. कापसाची पत्ती पुस्तकाच्या पानापानात भरून येते. एकदा एका पुस्तकात बोंडअळी चपटी झालेली होती, नेमकी "सुरवंट" या शब्दावर. पोरानं ठेवली होती की तिची तीच आली, काय माहीत.

डिसेंबरात सगळे परत आले की पुन्हा कडुलिंब, पुन्हा एकेकाला ऐकणं, पुन्हा नवीन यादी. टोपीची कवायत पण पुन्हा, पण तेव्हा सहा आठवडे नाही लागत, चार दिवसांत रुळतात. नवीन मॅडमला मी हेच सांगितलं असतं की पहिला दीड महिना पुस्तकाचं पान पुढं नाही सरकलं तर घाबरू नका. आणि साहेब भेटीला आले तर त्यांना सतरंजीवर बसवा, खुर्ची देऊ नका. खुर्चीवरून त्यांना नुसता गोंधळ दिसतो, एक पोर गाणं म्हणून राहिलं, दुसरं रेतीत बोट घालून बसलं. खाली बसले की त्यांच्याच गुडघ्याजवळचं पोर त्यांना वाचून दाखवतं.

अडचणी नाहीत असं नाही. सरांची मीटिंग असली की ४४ च्या ४४ माझ्याकडे. त्या दिवशी चौथीच्या आठ जणांना मी छोट्या टोप्या देते, वर्तमानपत्राच्या, आणि प्रत्येकाजवळ चार-पाच लहान पोरं. आवाज होतो. कधी अकरा वाजता निरोप येतो की बारापर्यंत ऑनलाइन माहिती भरून पाठवा, तेव्हा सतरंजीवर मी मोबाइल घेऊन बसते आणि पोरं माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात की टोपी आहे पण मॅडम खरंच घरी नाही आहे.

बारक्या आता तिसरीत, सरांकडे. खिडकीजवळ जोडीनं वाचायला मी त्याला अजून मागून घेते, पहिलीतल्या एका पोडावरच्या पोराजवळ बसवते. परवा कानावर आलं, बारक्या वाचून राहिला आणि ते पोर मागून, "...ला ...ली ...ते". बारक्यानं पुस्तक बंद केलं, म्हणे, "शेपूट नको पकडू बे, तोंड पकड." मी टोपी घालून होते म्हणून काही बोलता आलं नाही.

टोपीचं मात्र आता अवघड आहे. संक्रांतीच्या सुट्टीत उंदरानं एका बाजूनं कुरतडली, शिवून शिवून ती आता टोपी कमी आणि ठिगळ जास्त झाली आहे, आणि सरांकडे दुसरी नाही. बाजारात नवीन मिळते पण पोरं म्हणतात थे नाई चालणार, जुनीच पायजे. कोणाच्या घरी आजोबांची एखादी पडून असंल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.